ब्रँच चेंज आणि मायनर: पहिल्या वर्षाच्या मुलांचा नेहमीचा गोंधळ

गणपतीची सुट्टी संपून मुलं होस्टेलला परतली की पुढचा आठवडाभर माझ्याकडे एकच प्रश्न फिरून फिरून येतो. घरी चाकरमानी आलेले असतात, कुणाचा ठाण्याचा काका, कुणाची डोंबिवलीची आत्येबहीण. आरत्या आणि जेवणं आटोपली की ओटीवर विषय निघतो, "कुठली ब्रँच मिळाली रे?" मेकॅनिकल किंवा सिव्हिल म्हटलं की जरा शांतता पसरते आणि मग कुणीतरी धीर देतं, "काळजी करू नको, आता मायनर घेता येते. कम्प्युटरची मायनर घेतलीस की झालास कम्प्युटर इंजिनिअर." दुसरं कुणी सांगतं, "पहिल्या वर्षाला चांगले मार्क काढ, ब्रँच बदलून मिळते." पोरगा ही दोन्ही वाक्यं एकाच पुडीत बांधून आणतो आणि मला विचारतो, "मॅडम, ते मायनरवालं ब्रँच चेंज कधी असतं?"

दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही. फॉर्म वेगळे, नियम वेगळे, वेळ वेगळी, आणि पहिल्या वर्षी करायची तयारीही वेगळी. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडच्या मुलांच्या घरात इंजिनिअरिंगला जाणारं हे बहुधा पहिलंच मूल असतं, त्यामुळे विचारायला जवळ कुणी नसतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांत मुलं पहिलं वर्ष सगळ्यांबरोबर काढतात आणि नंतर आपला मेजर, म्हणजे मुख्य शाखा, ठरवतात. आपल्याकडे सीईटीनंतर कॅपचा, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा, ऑप्शन फॉर्म भरतानाच कॉलेज आणि ब्रँच एकत्र निवडावी लागते. अठरा वर्षांचं होण्याच्या आतबाहेर, सायबर कॅफेत बसून, मागच्या वर्षीचे कटऑफ बघत हा निर्णय झालेला असतो. वर्ग सुरू होतो तेव्हा शाखा ठरून गेलेली असते. ज्याला ती पटत नाही त्याच्या हातात मग ब्रँच चेंज आणि मायनर या दोनच गोष्टी उरतात.

ब्रँच चेंज म्हणजे जागा बदलणं. मेकॅनिकलची जागा सोडायची आणि दुसऱ्या वर्षापासून, समजा, कम्प्युटरच्या रिकाम्या जागेवर बसायचं. वर्ग, लॅब, विषय, डिग्रीवरचं शाखेचं नाव, सगळंच बदलतं. रिकामी जागा हा त्यातला कळीचा शब्द आहे. कम्प्युटरला 60 जागा असतील आणि त्या 60 च्या 60 भरलेल्या असतील, तर मेकॅनिकलच्या मुलाने कितीही मार्क मिळवले तरी त्याला बसायला जागाच नाही. कोणीतरी प्रवेश रद्द केला, कोणी मोठ्या शहरात निघून गेलं, तर जागा मोकळी होते. कोकणातल्या कॉलेजांत सिव्हिल-मेकॅनिकलच्या जागा रिकाम्या राहतात आणि कम्प्युटर भरतं, त्यामुळे मुलांना जायचं असतं तिथेच दार अरुंद. शिवाय दुसऱ्या वर्षाच्या रिकाम्या जागांवर डिप्लोमा करून थेट येणाऱ्या मुलांचाही डोळा असतो. रत्नागिरी आणि मालवणच्या शासकीय तंत्रनिकेतनांतून आलेली ही मुलं वर्कशॉपमध्ये तयार झालेली असतात.

जागा असली तरी ती मेरिटने मिळते, आणि मेरिट धरतात पहिल्या वर्षाच्या दोन्ही सेमिस्टरचं. गणित, फिजिक्स, केमिस्ट्री, मेकॅनिक्स, बेसिक इलेक्ट्रिकल, ग्राफिक्स (म्हणजे इंजिनिअरिंग ड्रॉइंग), प्रोग्रॅमिंग, सगळं मोजलं जातं. कम्प्युटरला जायचं आहे म्हणून नुसत्या प्रोग्रॅमिंगमध्ये जीव ओतून ग्राफिक्सकडे दुर्लक्ष करणारी मुलं मी दर वर्षी बघते. बहुतेक ठिकाणी एक केटी लागली, म्हणजे एक विषय जरी राहिला, तरी अर्ज बाद होतो. ज्याला शाखा बदलायची आहे त्याला नको असलेल्या विषयांतच सगळ्यात जास्त मेहनत घ्यावी लागते. हे ऐकून मुलं हिरमुसतात, पण ते पहिल्या सेमिस्टरला ऐकलेलं बरं.

आता टीएफडब्ल्यूएसबद्दल. हे लिहिताना मला आजही वाईट वाटतं. मंजूर जागांच्या 5 टक्के जादा जागा ट्यूशन फी माफीच्या योजनेत असतात, 8 लाखांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या घरांतल्या हुशार मुलांसाठी. या जागेवर आलेल्या मुलाला कॉलेज किंवा शाखा बदलता येत नाही, असा एआयसीटीईचा, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या अखिल भारतीय परिषदेचा, स्पष्ट नियम आहे. काही वर्षांपूर्वी राजापूरकडची एक मुलगी माझ्या गटात होती. वर्षभर पहाटे उठून अभ्यास केला, दोन्ही सेमिस्टरला वर्गात पहिल्या तिघांत आली. अर्ज घेऊन ऑफिसात गेली तेव्हा क्लार्कने तिची फाइल उघडून प्रवेशाचा प्रकार बघितला आणि अर्ज परत दिला. ती माझ्याकडे आली तेव्हा रडत नव्हती, अर्जाच्या कागदाची घडी घालत होती, उलगडत होती, पुन्हा घालत होती. प्रवेश कोणत्या जागेवर झाला, हा प्रश्न मी तिला पहिल्याच आठवड्यात विचारायला हवा होता. आता माझ्याकडच्या 20 मुलांच्या गटात मी नावगावानंतर तेच विचारते. आणि पालकांनो, तुम्हीही प्रवेशाची पावती काढून बघा. त्यावर लिहिलेलं असतं.

मायनरमध्ये तुम्ही तुमच्या शाखेतच राहता. जागा सोडायची नाही, कुणाची जागा रिकामी होण्याची वाट बघायची नाही. मुख्य अभ्यासाच्या जोडीला दुसऱ्या एखाद्या विषयाचे ठरावीक कोर्स करायचे. नव्या शैक्षणिक धोरणासाठी राज्य शासनाने जुलै 2023 मध्ये इंजिनिअरिंगचा जो आराखडा दिला, त्यात चार वर्षांची पदवी 160 ते 176 क्रेडिटची (क्रेडिट म्हणजे अभ्यासाच्या तासांचं माप) आहे आणि बहुविद्याशाखीय मायनर, मुलांच्या बोलीत एमडीएम, ही त्या पदवीचाच भाग आहे. ती साधारण 14 क्रेडिटची असते, दुसऱ्या वर्षापासून सुरू होते आणि सगळ्यांनाच करावी लागते. त्यामुळे "मी मायनर घेतली" यात कर्तबगारी काही नाही. कोणती घेतली आणि तिच्यात काय केलं, ते महत्त्वाचं.

याशिवाय ज्याला हवं त्याला आणखी 18 ते 20 क्रेडिट करता येतात, आणि मग एकूण आकडा 180 ते 194 पर्यंत जातो. हे जादा क्रेडिट आपल्याच शाखेत आणखी खोल जाण्यासाठी वापरले तर ते ऑनर्स, दुसऱ्या विषयात वापरले तर दुसरी मायनर. ऑनर्स आणि मायनर यांचीही मुलं गल्लत करतात, पण ती निस्तरणं सोपं आहे. आपल्या शाखेबाहेर जायचं असेल तर ऑनर्स उपयोगाची नाही.

20 क्रेडिट म्हणजे किती काम, हा हिशेब मी मुलांना वहीत मांडायला लावते. आठवड्याला एक तास लेक्चर म्हणजे एक क्रेडिट, दोन तास प्रॅक्टिकल म्हणजे एक क्रेडिट. तिसऱ्या सेमिस्टरपासून आठव्यापर्यंत सहा सेमिस्टर धरली तर दर सेमिस्टरला तीन-साडेतीन क्रेडिट, म्हणजे आठवड्याला तीन-चार तास जादा, आणि वर घरचा अभ्यास. एनपीटीईएलचे, म्हणजे आयआयटींच्या ऑनलाइन उपक्रमाचे, 12 आठवड्यांचे कोर्स मान्य असतील तर व्हिडिओ होस्टेलवर बघता येतात, पण परीक्षा ठरलेल्या केंद्रावर जाऊन द्यावी लागते. देवगड किंवा गुहागरकडून रोज एसटीने येणाऱ्या मुलाने हा हिशेब दोनदा करावा. शेवटची गाडी चुकवून जादा लेक्चरला बसणं चार दिवस जमतं, तीन वर्षं नाही.

मग कम्प्युटरची मायनर घेतल्यावर मेकॅनिकलचा मुलगा कम्प्युटर इंजिनिअर होतो का? नाही. 14 क्रेडिटमध्ये चार-पाच कोर्स बसतात: पायथन, डेटा स्ट्रक्चर, डेटाबेस, थोडं मशीन लर्निंग. कम्प्युटरचा विद्यार्थी त्याच वेळात ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क, कम्पायलर, थिअरी ऑफ कम्प्युटेशन आणि त्यांच्या लॅब करत असतो. डिग्रीवर मुख्य शाखा मेकॅनिकलच राहते. जिथे जाहिरातीत विशिष्ट शाखेची पदवी मागतात तिथे मायनर चालत नाही. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या कनिष्ठ अभियंत्याच्या पदाला सिव्हिल लागतं, तिथे सिव्हिलची मायनर दाखवून उपयोग नाही. उलट मोठ्या आयटी कंपन्यांची भरती बऱ्याचदा सगळ्या शाखांना खुली असते, तिथे मेकॅनिकलच्या मुलाला कोड लिहिता येतो की नाही हे परीक्षेत कळतंच. गेटलाही, म्हणजे एमटेकच्या प्रवेशासाठीच्या परीक्षेलाही, आपल्या शाखेचाच पेपर द्यायला हवा असं बंधन नाही. 2024 पासून गेटमध्ये डेटा सायन्स आणि एआयचा स्वतंत्र पेपर आहे, तो मेकॅनिकलचा मुलगाही देऊ शकतो.

मला मायनरबद्दल आस्था वाटायला लागली ती एका मुलामुळे. वडील मिरकरवाड्याजवळ बर्फाच्या कारखान्यात ऑपरेटर. मूळचे वेंगुर्ल्याकडचे, प्रवेशाच्या दिवशी मुलाला घेऊन आले तेव्हा त्यांनी पहिलं वाक्य उच्चारलं ते हेच: "मॅडम, ह्येका कम्प्युटर गावतला काय?" गावलं नाही. पहिल्या वर्षाला त्याला दहापैकी सात पॉइंटच्या आसपास मिळाले, रिकामी जागा एकच होती आणि ती साडेनऊवाल्या मुलीला गेली. त्याने मेकॅनिकलमध्येच राहून डेटा सायन्सची मायनर घेतली, बऱ्याच नाराजीने. तिसऱ्या वर्षाला प्रोजेक्टसाठी डेटा आणा म्हटलं तेव्हा बाकीच्यांनी इंटरनेटवरून तयार डेटा उतरवला. याने वडिलांच्या कारखान्यातलं लॉगबुक आणलं. निळ्या पुठ्ठ्याचं, दमट हवेने पानं फुगलेलं रजिस्टर. अमोनिया कॉम्प्रेसरचं सक्शन प्रेशर, डिस्चार्ज प्रेशर, ब्राइनचं तापमान, वेळ, आणि ड्युटीवरच्या माणसाची सही, दर तासाला एक ओळ. दोन महिने रात्री बसून त्याने ते आकडे एक्सेलमध्ये भरले. मग आलेखात दिसलं की डिस्चार्ज प्रेशर महिनाभर हळूहळू चढत जातं आणि एका तारखेला धपकन खाली येतं. त्याने वडिलांना फोन लावला. त्या दिवशी कंडेन्सरच्या नळ्यांवरचा क्षार साफ केला होता. प्रेशर चढलं की कॉम्प्रेसर जास्त वीज खातो, तेव्हा साफसफाई किती दिवसांनी करावी हे त्या आलेखातून काढता येत होतं. नुसत्या कम्प्युटरच्या मुलाला त्या चढत्या रेषेचा अर्थ लागला नसता. नुसत्या मेकॅनिकलच्या मुलाने ती रेषा काढली नसती. मालकांनी तो कागद कारखान्यात लावला.

आपल्या किनाऱ्यावर अशा जोड्या जागोजागी आहेत. जुलै 2021 मध्ये चिपळूण पाण्याखाली गेलं, त्याच दिवसांत महाडजवळच्या तळियेवर दरड कोसळली. सिव्हिलच्या मुलीने जीआयएसची, म्हणजे कम्प्युटरवर नकाशे मांडण्याच्या तंत्राची, मायनर घेतली तर उतार, माती आणि पाऊस एका नकाशावर मांडता येतात, आणि हे काम करणारी माणसं रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत सगळ्या तालुक्यांना हवी आहेत. कम्प्युटरला न मिळालेल्या जागेचं दुःख करत वर्ष घालवणाऱ्या सिव्हिलच्या मुलांना मी तळियेचा फोटो दाखवते.

तरी ब्रँच चेंजचा नाद सोडा, असं मी कुणालाही सांगत नाही. काही मुलांना खरंच दुसऱ्या शाखेत जायला हवं असतं. मी एक खूण बघते. सी प्रोग्रॅमिंगच्या लॅबमध्ये कोड चालत नसताना मूल काय करतं? शेजारच्याचा उतरवून जर्नल पूर्ण करतं, की लॅब सुटली तरी खुर्ची सोडत नाही? दुसऱ्या प्रकारच्या मुलाला मी ग्राफिक्सचे पेपर स्वतः बसून तपासून देते, म्हणजे मेरिट लागेल. पण कुणी नुसतं "मला ड्रॉइंग आवडत नाही" म्हणून पळत असेल तर त्याला थांबवते. ड्राफ्टर पहिल्यांदा हातात आल्यावर महिनाभर सगळ्यांचीच रेषा वाकडी येते. एका महिन्याच्या चिडचिडीवर शाखा सोडू नये.

दोन्हींसाठी एकाच वेळी तयारी ठेवता येते का, हा शेवटचा प्रश्न असतो. येते. पहिल्या वर्षाचे मार्क दोन्हीकडे कामाला येतात. फक्त एक गोष्ट मुलं विसरतात. मायनर आपल्या शाखेबाहेरची असावी लागते. कम्प्युटरची मायनर मनात ठरवून ठेवली आणि मग खुद्द कम्प्युटरलाच जागा मिळाली तर ती मायनर घेता येत नाही, दुसरी शोधावी लागते. मागच्या वर्षी माझ्या गटातली एक मुलगी मेकॅनिकलमधून कम्प्युटरला गेली. मायनरच्या फॉर्मवर तिने आधी लिहिलेलं खोडलं, थोडा वेळ पेन हातात धरून बसली, आणि मग एनर्जी इंजिनिअरिंग लिहिलं. पोफळीच्या वीजगृहात तिचा मामा आहे, लहानपणी तो तिला तिथली टर्बाइन दाखवायला घेऊन गेला होता.