मुंबई ते न्यूयॉर्क : तिकिटावरचे तास कसे वाचायचे

मुलांकडे अमेरिकेला निघालेल्या आई-बाबांचा आमच्या काउंटरवर पहिला प्रश्न ठरलेला : किती तासांचा प्रवास? वेळा तिकिटावर छापलेल्या असतात, पण सरळ वजाबाकी केली की उत्तर चुकतं.

आधी अंतर. मुंबई ते न्यूयॉर्कचा जेएफके विमानतळ, हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून ते मोजू नका. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून बघा. तो मुंबईहून बराचसा उत्तरेकडेच निघतो, अफगाणिस्तान, रशिया ओलांडून आइसलँडच्या बाजूला पोचतो आणि ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून अमेरिकेकडे उतरतो. विमान मात्र नेमकं याच रेषेवरून जाईल असं नाही. वारा बघावा लागतो, बंद असलेल्या हवाई हद्दी टाळाव्या लागतात. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपली हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडे जाणारी विमानं चांगलीच लांबली. मुंबईला झळ कमी बसली, कारण इथून अरबी समुद्रावरून निघता येतं.

थेट विमानाला जाताना साधारण १६ तास धरा, येताना तास-दीड तास कमी. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. जाताना ते अंगावर येतात, येताना पाठीशी असतात.

आता वजाबाकीचं. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या-त्या गावची असते. समजा, विमान मुंबईहून रात्री १:३० ला सुटतं आणि न्यूयॉर्कला त्याच तारखेला सकाळी ७:३० ला उतरतं. दिसायला सहा तास! पण उन्हाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, म्हणजे प्रवास साडेपंधरा तासांचा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत हा फरक साडेदहा तासांचा होतो, कारण घड्याळ ते बदलतात, आपण नाही.

लंडनमार्गे गेलं तर खूप वळसा पडतो, असं बऱ्याच जणांना वाटतं. खरं तर अंतर जेमतेम २०० किलोमीटरने वाढतं. वेळ खातो तो मधला मुक्काम. म्हणून स्वस्त तिकीट बघताना किलोमीटर सोडा, विमानतळावर किती तास बसायचंय ते विचारा. गुडघे दुखत असतील तर दुसरं विमान बदलताना व्हीलचेअर लागेल, हे बुकिंगच्या वेळीच सांगा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो तारखेचा. तिकिटावर "१५ तारीख, ००:५०" असेल तर घरून निघायचं १४ तारखेला रात्री. पंधराच्या रात्री गेलात तर विमान आदल्या रात्रीच गेलेलं असेल आणि नवं तिकीट काढावं लागेल. सहारच्या टर्मिनल २ ला सुटायच्या तीन तास आधी पोचायचं म्हणजे या तिकिटासाठी चौदाच्या रात्री दहाच्या आत. हायवेची गर्दी धरून दादरहून आठ-साडेआठलाच गाडी काढा. पावसाळ्यात त्याहूनही आधी.

तिकिटासोबत आम्ही एक चिठ्ठी देतो. तिच्यावर घरातून निघायचा वार, तारीख आणि वेळ मराठीत लिहिलेली असते. ती फ्रिजवर लावा आणि टॅक्सीवाल्याला त्याच चिठ्ठीवरून वेळ सांगा.