फँटमच्या आधीचे मायकेल क्रॉफर्ड

‘टीव्हीवर वेंधळा फ्रँक स्पेन्सर साकारणाऱ्या नटाला एकदम “द फँटम ऑफ द ऑपेरा” या संगीत नाटकात फँटमची मुख्य भूमिका मिळाली, तोवर गाण्याशी त्याचा संबंधच नव्हता’ ही ब्रिटिश अभिनेते मायकेल क्रॉफर्ड यांच्याबद्दलची गोष्ट अजून फिरते. रंजक आहे, पण खोटी. उलट गाणं आधीचं! लहानपणीच ते ब्रिटिश संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांच्या ऑपेरांत गायले. ‘हॅलो, डॉली!’ हा संगीतपट १९६९चा, फ्रँकची मालिका १९७३ची. पुढच्याच वर्षी लंडनच्या ड्रूरी लेन थिएटरमध्ये ‘बिली’ हे संगीत नाटक. १९८१च्या ‘बार्नम’ या सर्कसवाल्यावरच्या संगीत नाटकासाठी तर ते चक्क तारेवर चालायला शिकले, गात गात, ऑलिव्हिए हा ब्रिटिश रंगभूमीचा मानाचा पुरस्कारही मिळाला. फँटम त्यानंतर, १९८६ला. मालिका घरोघरी पोचली, नाटकं थिएटरातच राहिली. गैरसमजाचं मूळ बहुधा तिथेच.