स्ट्राँग बिअर आणि स्ट्राँग एल: एक शिळी होते, दुसरी मुरते

"ठेवून दे भिया, स्ट्राँग आहे, मुरेल." रामबागेपासून विजयनगरपर्यंत इंदुरातल्या इतक्या घरांत हे वाक्य ऐकलं आहे, की आता सविस्तर लिहायलाच हवं. मागच्या महिन्यात एका मित्राने दोन वर्षं कपाटात जपलेली, ठेक्यावरून आणलेली स्ट्राँग बिअर मोठ्या कौतुकाने उघडली. वास ओल्या पुठ्ठ्याचा. त्याच कपाटात त्याच्या पुतण्याने लंडनहून आणलेली बार्लीवाइन, म्हणजे बिअरचाच एक दणकट प्रकार, तीही होती. ती मात्र "परदेशी आहे, खराब होईल" म्हणून त्याने आठवड्याभरात बर्फासारखी गार करून संपवली होती. ठेवायची ती प्यायली आणि प्यायची ती ठेवली. वाईट वाटलं.

ठेक्यावरची स्ट्राँग तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे थोडक्यात. ती लागर प्रकारची बिअर असते, लेबलवर 'कमाल ८ टक्के' असं लिहिलेलं असतं. बहुतेक ब्रँडांत माल्टबरोबर (मोड आणून वाळवलेलं जव) तांदूळ किंवा मका आणि साखर असते. गाळून, पाश्चराइज करून भरतात. गार प्यायची, ताजी प्यायची. या बिअरला मी नावं ठेवत नाही.

एल हा बिअरचा दुसरा मोठा प्रकार. स्ट्राँग एल म्हणजे बार्लीवाइन, ओल्ड एल, इम्पीरियल स्टाउट, बेल्जियमच्या गडद एल. बार्लीवाइनमध्ये द्राक्षं नसतात, नावावर जाऊ नका. अल्कोहोल साधारण ८ ते १२ टक्के. एल आणि लागर यांच्यात यीस्ट वेगळं, आंबवण्याचं तापमान वेगळं, पण आपल्या प्रश्नापुरता तो फरक गौण आहे.

घोळ होतो तो त्या टक्क्यांमुळे. फुलर्सची व्हिंटेज एल ८.५ टक्क्यांची. १९९७ पासून दरवर्षी निघते, लेबलवर साल असतं आणि लोक ती वर्षानुवर्षं राखून ठेवतात. मग ८ टक्क्यांची आपली का नाही ठेवायची? अर्ध्या टक्क्याचाच तर फरक.

उत्तर असं, की अल्कोहोल बिअरला जंतूंपासून राखतं, हवेपासून नाही. पाश्चराइज केलेल्या बाटलीत जंतूंचा प्रश्न आधीच मिटलेला असतो. तिथे बिअर बिघडते ती भरताना आत राहिलेल्या आणि झाकणाच्या अस्तरातून हळूहळू झिरपणाऱ्या ऑक्सिजनमुळे. ऑक्सिजन दोन्ही बाटल्यांत काम करतो. खरा प्रश्न आहे, त्याला आत काय सापडतं.

घरचंच उदाहरण घ्या. कैरीचं लोणचं मुरतं, काकडीची कोशिंबीर मुरत नाही. कोशिंबिरीत मीठ वाढवलं म्हणून तिचं लोणचं होत नाही, कारण मुरायला लागणारा ऐवजच तिच्यात नसतो. साखर आणि तांदूळ घालून केलेल्या लागरमध्ये जवळजवळ सगळं आंबून अल्कोहोल होतं आणि मागे अंग उरतं पातळ. त्या पातळ अंगात जुनेपणाचा पुठ्ठ्यासारखा वास झाकायला काहीच नसतं. बार्लीवाइनमध्ये भरपूर माल्ट असतं, न आंबलेली साखर उरलेली असते, भाजलेल्या धान्याचे आणि लांबवलेल्या उकळीचे गडद रस असतात. त्यांच्यावर तोच ऑक्सिजन काम करतो आणि मनुका, खजूर, टॉफी, शेरी अशा चवी येतात. तरुणपणीचा हॉप्सचा (बिअरला कडूपणा आणि सुवास देणारी फुलं) कडूपणा आणि अल्कोहोलची जळजळ दोन्ही बसतात. हे मुरणं.

दुसरी गोष्ट यीस्टची. ठेवण्याजोग्या बऱ्याच एलमध्ये जिवंत यीस्ट बाटलीतच सोडलेलं असतं. बाटलीत भरताना शिरलेला बराचसा ऑक्सिजन ते सुरुवातीलाच खाऊन टाकतं. तळाशी दिसणारा गाळ तो हाच. तो बघून "खराब आहे" म्हणत दुकानात बाटली परत करणारे मी पाहिले आहेत. कृपा करून असं करू नका.

म्हणून टक्के बघण्याआधी तीन गोष्टी बघा: अंग जड आहे का, रंग गडद आहे का, बाटलीत यीस्ट आहे का. अपवाद आहेत. बेल्जियमची ऑरव्हाल फक्त ६.२ टक्क्यांची, पण तिच्यात ब्रेटानोमायसिस नावाचं रानटी यीस्ट असतं आणि ती काही वर्षं छान बदलत जाते. ग्यूझ ही बेल्जियमचीच आंबट बिअर तर याहूनही कमी टक्क्यांत दहा-वीस वर्षं टिकते. उलट कॉफी घातलेला इम्पीरियल स्टाउट कितीही दणकट असला तरी लवकर प्या, कॉफीचा सुवास थांबत नाही.

आणि आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल? "जहाजातून सहा महिने प्रवास करून हिंदुस्थानात यायची, म्हणजे मुरणारच," हे महूच्या छावणीचा इतिहास सांगता सांगता लोक फार ठामपणे ऐकवतात. त्या काळची पेल एल प्रवासात पक्व व्हायची हे खरं. पण आजची आयपीए हॉप्सच्या ताज्या सुवासासाठी करतात, आणि तो काही महिन्यांतच उतरतो. आयपीए साठवणं मला अजिबात पटत नाही.

"मुरली की जास्त चढते" हेही खोटं. बाटलीतलं अल्कोहोल जवळपास तेवढंच राहतं. तारीख उलटलेली बिअर विषारीही होत नाही, फक्त चव जाते.

आता इंदूरचा उन्हाळा. शब-ए-मालवाच्या भरवशावर बाटल्या कपाटात ठेवू नका. रात्र गार असली तरी मे महिन्यातली दुपार ४० अंशांच्या वर जाते. बिअरवाल्यांचा एक ढोबळ हिशेब आहे: ३२ अंशांत ३ दिवस, २२ अंशांत ३० दिवस आणि ३ अंशांत ३०० दिवस, बिअर साधारण सारखीच जुनी होते. मी एकदा एक चांगली बार्लीवाइन एप्रिल ते जून लोखंडी कपाटात ठेवली होती. यीस्ट मरून फुटलं आणि सोया सॉसची चव आली. ती बाटली पुन्हा मिळाली नाही. फ्रिजच्या डोक्यावरची जागा तर कपाटाहूनही वाईट, तिथे मागची गरम हवा लागते. दुकानात काचेच्या दर्शनी कपाटात उन्हात मांडलेली बाटली मी घेतच नाही. हॉप्सवर उजेड पडला की कुबट वास येतो, आणि हिरवी काच त्याला अडवत नाही.

मी वाइनसाठी मिळतो तो छोटा चिलर १२ अंशांवर ठेवला आहे, अंधाऱ्या खोलीत. बाटल्या उभ्याच. आडव्या ठेवणं वाइनच्या बुचासाठी असतं. बिअरमध्ये गाळ तळाशीच बसायला हवा. घरी किती बाटल्या ठेवता येतात यावर आबकारीची मर्यादा आहे, ती आधी बघून घ्या. एकाच सालच्या तीन घ्याव्यात: एक लगेच, एक दोन वर्षांनी, एक पाच वर्षांनी. पहिली ताजी प्यायल्याशिवाय पुढच्या दोघींत काय बदललं ते कळणारच नाही.

उघडताना फ्रिजमधली गारठ नको, चिलरमधून काढून दहा मिनिटं बाहेर राहू द्या. छोट्या ग्लासात, हात न हलवता एका धारेत ओता, आणि शेवटचा बोटभर गाळ बाटलीतच राहू द्या.