क्लोरिनच्या वासाला न भुलणारा जिआर्डिया

"पाण्याला औषधाचा वास येतोय, म्हणजे पाणी चांगलं." कृष्णेचा पूर ओसरला की सांगलीपासून पलूस-वाळव्यापर्यंत हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. 2019 आणि 2021 च्या महापुरांनंतरही तोच दिलासा होता. टीसीएल पावडरीने, म्हणजे पाण्यात क्लोरिन सोडणाऱ्या ब्लीचिंग पावडरीने, कॉलरा-टायफॉईडचे जंतू झटपट मरतात, हे खरंच आहे. पण लहान मुलांना छळणारा जिआर्डिया नावाचा एकपेशीय परजीवी एवढ्याने हटत नाही.

शरीराबाहेर तो कोष करून राहतो. लांबी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी, भोवती साखरेच्या रेणूंच्या साखळ्या आणि प्रथिनं यांची चिवट भिंत. आत जवळजवळ सगळे व्यवहार थंडावलेले. थंड पाण्यात असा कोष अनेक आठवडे तग धरतो. क्लोरिन या भिंतीतून हळूहळूच आत शिरतो. 25 अंश तापमानाच्या स्वच्छ पाण्यात, लिटरला 1 मिलिग्रॅम क्लोरिन असताना, ई-कोलाय जिवाणू मिनिटाच्या आत मरतो. जिआर्डियाला साधारण 45 मिनिटं लागतात. पावडर टाकून आपण थांबतो अर्धा तास! त्यात पाणी गढूळ असेल तर बराचसा क्लोरिन गाळातच खर्ची पडतो. पाण्यातला क्लोरिन तपासणाऱ्या ओटी टेस्टला पाणी पिवळं झालं, तर क्लोरिन शिल्लक आहे एवढंच कळतं; तो किती वेळ पाण्यात होता हे कळत नाही.

पोटात गेल्यावर काय होतं, ते तर विलक्षण आहे. जठरातलं आम्ल, जे बहुतेक जंतूंना मारतं, तेच या कोषाला जागं करतं. लहान आतड्यात पोचताच कोष फुटतो आणि एकाचे दोन परजीवी होतात. प्रत्येकाला दोन केंद्रकं, आठ शेपट्या आणि पोटाच्या बाजूला एक गोल चकती. काचेवर दाबून बसवलेल्या रबरी हुकासारखा तो या चकतीने आतड्याच्या अस्तराला चिकटतो. अस्तर भेदून आत घुसत नाही, म्हणून शौचात सहसा रक्त पडत नाही. मात्र त्याखालच्या पेशींवरची सूक्ष्म लव आखूड होते, दूध पचवणारं विकर घटतं, स्निग्ध पदार्थ शोषले जात नाहीत. मग पोट फुगतं आणि शी तेलकट, घाण वासाची होते. मूल खातं, पण अंगी लागत नाही.

अशा पोराची कुणी दृष्ट काढतं, कुणी "दात खातो म्हणजे जंत" म्हणून गोळी देतं. मीठ-मोहऱ्यांनी परजीवी मरत नाही आणि दात खाण्यावरून जंत ओळखता येत नाहीत. शाळेत मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी गोल कृमी, हूक कृमींसाठी द्यायलाच हवी. पण तिचा एक डोस जिआर्डियाला पुरत नाही.

पाण्याला खळखळून उकळी फुटली की पुढे एक मिनिट ती चालू ठेवा, कोष मरतात. महागडं 'अल्कलाइन' पाणी त्यासाठी नको. दुसरी गोष्ट, बाळाची शी "निर्धोक" समजून ओढ्याकाठी किंवा विहिरीजवळ धुऊ नका. आजारी मुलाच्या शौचातून लाखो कोष बाहेर पडतात आणि लागण व्हायला दहासुद्धा पुरतात.

जुलाब आठवड्याहून जास्त रेंगाळले तर डॉक्टरांना शौचतपासणीबद्दल विचारा. कोष रोज बाहेर पडत नाहीत, त्यामुळे एका नमुन्यात काही दिसलं नाही म्हणून निश्चिंत होऊ नका. वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने द्यावे लागतात.