फोन सायलेंट आहे हे ॲपला कळते कसे? : पार्श्वभूमी

२००७च्या पहिल्या आयफोनपासून डाव्या कडेला एक छोटा स्विच होता. तो सरकवला की आतली केशरी खूण दिसे आणि रिंग बंद होई. वापरणाऱ्याला खिशात बोटानेही कळणारी ही गोष्ट ॲपला मात्र सरळ विचारता येत नव्हती. ॲपलची भूमिका अशी, की आवाज कशासाठी आहे एवढेच ॲपने सांगावे, गप्प कधी बसवायचे ते सिस्टिम ठरवेल. ऑडिओ सेशनच्या (ॲप आवाज कसा वापरणार हे सिस्टिमला सांगणाऱ्या जोडणीच्या) कॅटेगरी त्यासाठीच आहेत. ‘ॲम्बियंट’ आणि डीफॉल्ट ‘सोलो ॲम्बियंट’ स्विचचे ऐकतात, ‘प्लेबॅक’ ऐकत नाही. भूमिका रास्तच आहे. पण गेमचा आवाज येत नाही म्हणून वैतागलेल्या माणसाला कारण सांगायचे, तर ते आधी ॲपला कळायला हवे.

सुरुवातीला एक पळवाट होती. सेशनची ‘ऑडिओ रूट’ प्रॉपर्टी, म्हणजे आवाज कुठून बाहेर पडतो आहे ते सांगणारी नोंद, वाचली की सायलेंटवर रिकामी स्ट्रिंग (रिकामा मजकूर) मिळे. कॅटेगरी ‘प्लेबॅक’ असेल तर हा उपाय चालत नसे. २०११मध्ये आयफोनची सिस्टिम आयओएस ५ आली आणि ही वाट बुजली.

मग वेळ मोजण्याची युक्ती रूढ झाली. अर्ध्या सेकंदाची, काहीच ऐकू न येणारी फाइल सिस्टिम साउंड (सूचनेसारखा छोटा आवाज) म्हणून वाजवायची आणि ती संपल्याचा कॉलबॅक, म्हणजे सिस्टिमकडून ॲपला येणारा निरोप, किती वेळाने येतो ते पाहायचे. रिंग चालू असेल तर जवळपास अर्धा सेकंद लागतो. सायलेंटवर सिस्टिम फाइल वाजवतच नाही, त्यामुळे कॉलबॅक साधारण ०.१ सेकंदाच्या आत येतो. गडबड होते ती इथेच: मेन थ्रेड (ॲपच्या कामांची मुख्य रांग) अडकलेला असेल किंवा ॲप मध्येच बॅकग्राउंडला गेले, तर कॉलबॅक उशिरा पोहोचतो आणि सायलेंट फोन ‘चालू’ ठरतो. म्हणून बॅकग्राउंडला जाताना मोजणी थांबवावी, परत आल्यावर नव्याने सुरू करावी आणि एकाच मापावर विसंबू नये.

अँड्रॉइडवर ऑडिओ मॅनेजर हा सिस्टिमचा भाग ॲपला पहिल्यापासून रिंगर मोड सांगतो: ० सायलेंट, १ व्हायब्रेट, २ नॉर्मल. पण हे उत्तर रिंग आणि नोटिफिकेशनपुरते असते; व्हिडिओचा आवाज म्युझिक स्ट्रीमवर (आवाजाच्या वेगळ्या वाहिनीवर) असतो, त्याची पातळी वेगळी तपासावी लागते. २०१५च्या अँड्रॉइड ६पासून ‘डू नॉट डिस्टर्ब’चा इंटरप्शन फिल्टरही, म्हणजे कोणते व्यत्यय येऊ द्यायचे ती सेटिंग, पाहावा लागतो. अँड्रॉइड ७पासून, ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू-बंद होईल असा रिंगर मोड परवानगीशिवाय बदलू पाहणाऱ्या ॲपला सिक्युरिटी एक्सेप्शन (परवानगी नसल्याची एरर) मिळते. मोड नुसता वाचायला मात्र ही परवानगी लागत नाही.

२०२३च्या आयफोन १५ प्रोवर स्विचच्या जागी ॲक्शन बटन आले. त्यामुळे ‘बाजूचा स्विच सरकवा’ ही सूचना अजून दाखवणाऱ्या ॲपनी तो मजकूर बदलायला हवा.