‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’मधील रानटीपणाकडची घसरण

विल्यम गोल्डिंग (१९११–१९९३) या इंग्रज लेखकाच्या ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ (१९५४) या कादंबरीचे मध्यवर्ती सूत्र. युद्धकाळात विमान कोसळून इंग्रज शाळकरी मुलगे निर्जन बेटावर अडकतात. सोबत एकही मोठे माणूस नाही.

सुरुवात शिस्तीतच होते. राल्फला पुढारी निवडतात. शंख फुंकला की सभा भरायची आणि ज्याच्या हाती शंख त्यानेच बोलायचे, असे ठरते. डोंगरावर जाळ पेटता ठेवायचा, म्हणजे धूर पाहून एखादे जहाज येईल. पिगी नावाच्या मुलाच्या चष्म्याने तो पेटवतात. (पिगीला लांबचे दिसत नाही, आणि तसल्या भिंगाने ऊन एकवटत नाही, ही लेखकाची चूकच.)

ही घसरण एका उडीत होत नाही, हेच गोल्डिंगचे मोठेपण. रॉजर लहानग्या हेन्रीच्या दिशेने दगड फेकतो, पण मुद्दाम नेम चुकवून. हेन्रीभोवती काही हात रुंदीचे एक अदृश्य रिंगण आहे आणि त्याच्या आत दगड टाकायला रॉजर धजत नाही. आईबाप, शाळा, पोलीस, कायदा यांचा धाक अजून त्याच्या दंडात आहे. शिकारी मुलांचा म्होरक्या जॅक, त्याचेही तसेच. पहिल्या डुकरावर उगारलेला सुरा खाली येत नाही. मग तो तोंडाला माती नि कोळसा फासतो, करवंटीतल्या पाण्यात स्वतःला पाहतो आणि नाचू लागतो. रंगाआड लाज उरत नाही. त्याच्या शिकारीपायी जाळ विझतो, नेमके तेव्हाच एक जहाज दुरून निघून जाते. मुले ज्याला भितात ते डोंगरावरचे ‘श्वापद’ म्हणजे पॅराशूटला अडकलेले प्रेत, हे सांगायला आलेल्या सायमनला वादळी रात्री नाचाच्या भरात सगळे मिळून मारतात. त्या घोळक्यात राल्फ आणि पिगीही असतात. पुढे तोच रॉजर कड्यावरून शिळा लोटतो. पिगी मरतो, शंखाचा चुरा होतो.

गोल्डिंग शाळामास्तर होते आणि दुसऱ्या महायुद्धात नौदलात लढले होते. बॅलंटाइनच्या ‘द कोरल आयलंड’ या एकोणिसाव्या शतकातील साहसकथेला त्यांनी हे उत्तर दिले. राल्फ आणि जॅक ही नावेही तिथलीच. तिथे रानटी म्हणजे बेटांवरचे परके लोक. इथे गोऱ्या घरांतली पोरेच तशी होतात. तरीही रानटीपणाची खूण म्हणून रंगवलेले तोंड आणि भालेच येतात, म्हणजे साम्राज्याने घडवलेली ती प्रतिमा गोल्डिंगकडूनही पुरती सुटलेली नाही.

ही घसरण अटळ मानणाऱ्यांनी पॅसिफिक महासागरातल्या टोंगा या द्वीपदेशातील सहा मुलांची हकिकत वाचावी. १९६५ साली ती अता नावाच्या निर्मनुष्य बेटावर अडकली आणि वर्षाहून अधिक काळ तिथे राहिली. एकाचा पाय मोडला, तेव्हा बाकीच्यांनी तो बांधून बरा होईपर्यंत त्याची कामे वाटून घेतली.