प्योगो वाळवूनच का वापरतात? कोरियन स्वयंपाकातल्या शिताकेची पार्श्वभूमी

शिताके अळंबीला कोरियात प्योगो म्हणतात. ती ओकच्या मेलेल्या लाकडावर उगवते आणि निसर्गतः वसंतात आणि शरदात भरभरून येते. बाकीचं वर्ष वाळवलेल्या मालावरच काढावं लागे. त्यात राजधानीचं अंतर. सेजोंग राजाच्या इतिहासाला जोडलेल्या भूवर्णनात (१४५४) जेजू बेटाच्या उत्पन्नात प्योगोची नोंद आहे. जेजूहून सोलला माल न्यायचा म्हणजे आधी समुद्र, मग सगळा द्वीपकल्प ओलांडायचा. ताजी अळंबी एवढ्या प्रवासात सडणारच.

१६७०च्या सुमारास जांग ग्ये-ह्यांग या बाईंनी कोरियन लिपीत लिहून ठेवलेल्या पाककृतींत जापचे (आज शेवया आणि भाज्या परतून करतात तो पदार्थ) आहे. त्यात शेवया नाहीत. भाज्या, फेझंट पक्ष्याचं मांस आणि प्योगो आहे. रताळ्याच्या पिठाच्या काचेसारख्या शेवया जापचेत आल्या त्या विसाव्या शतकात. म्हणजे या पदार्थात अळंबी शेवयांपेक्षा कितीतरी जुनी.

लागवडीची जुनी रीत नशिबावर चाले. चीनमध्ये वांग झेनने १३१३ साली ती लिहून ठेवली आहे: ओंडक्याला खाचा पाडायच्या, तो झाकून ठेवायचा आणि अळंबी उगवण्याची वाट पाहायची. जपानी अंमलात जेजूच्या हल्लासान डोंगरावर मोठ्या प्रमाणात लागवड झाली. खरा पालट झाला तो जपानच्या किसाकु मोरींनी १९४०च्या दशकात शुद्ध बीज लावलेल्या लाकडी पाचरी आणल्यावर. ओंडक्याला भोकं पाडून पाचर ठोकली की पीक येणार, ही खात्री झाली. आज दक्षिण जोल्ला प्रांतातला जांगहुंग जिल्हा ओंडक्यावरच्या प्योगोसाठी नावाजलेला आहे.

मात्र वाळवणं हे नुसतं साठवण नव्हतं, त्यातूनच चव आली. वाळताना पेशी फुटतात. मग भिजवून तापवल्यावर अळंबीतलं एक एन्झाइम पेशींतलं आरएनए तोडून ग्वानिलेट हा चव वाढवणारा पदार्थ तयार करतं. समुद्री शेवाळातल्या ग्लुटामेट या रुचकर घटकासोबत हे ग्वानिलेट आलं की दोन्हींची चव बेरजेपेक्षा खूप जास्त वाढते. ग्लुटामेटची चव जपानी रसायनशास्त्रज्ञ इकेदांनी १९०८ साली ओळखली आणि ग्वानिलेटचं काम जपानचेच संशोधक कुनिनाकांनी १९६०च्या आसपास मांडलं. बौद्ध मठांत मासे-मांस वर्ज्य, शिवाय लसूण, कांद्याची जात आणि चक्क हिंगही वर्ज्य; तिथे प्योगो आणि दाशिमा शेवाळ हाच रश्शाचा पाया.

भिजवण्याची पद्धतही याच रसायनावर ठरते. ग्वानिलेट तोडणारं दुसरं एन्झाइमही अळंबीत असतं आणि ते कोमट पाण्यात जोरात काम करतं. म्हणून चिमूटभर साखर घालून कोमट पाण्यात अर्धा तास भिजवण्याची घरोघरची युक्ती वेळ वाचवते, रस्सा मात्र फिका करते. उकळतं पाणी ओतलं तर बाहेरून लिबलिबीत, आत कडक. २० ग्रॅम अळंबी (मध्यम आकाराच्या पाच-सहा) धुऊन १ लिटर गार पाण्यात बुडवा, वर ताटली दाबून फ्रिजमध्ये रात्रभर ठेवा. देठाजवळ बोटाने दाबून पाहा. तिथे कडक लागली तर अजून वेळ द्या. पाणी टाकू नका, फडक्यातून गाळा, कारण छत्रीखालच्या चिरांत वाळू असते.

रश्शासाठी याच पाण्यात १० सेंमीचा दाशिमाचा तुकडा घालून मंद आचेवर तापवा आणि उकळी फुटताच शेवाळ काढा. नाहीतर रस्सा बुळबुळीत आणि कडवट होतो. देठ चिवट असतात. ते कापून याच रश्शात टाका आणि आणखी १० मिनिटं शिजवा.

जापचेसाठी छत्र्या घट्ट पिळा. पाणी राहिलं तर मसाला आत शिरत नाही आणि शेवया ओल्या होतात. पट्ट्या कापून पाच छत्र्यांना १ मोठा चमचा सोया सॉस, १ छोटा चमचा साखर आणि थोडा लसूण चोळा, १० मिनिटांनी परता, तिळाचं तेल शेवटी. पूर्ण शिजू द्या: अर्धकच्च्या शिताकेने काहींच्या अंगावर चाबकाच्या वळांसारखी पुरळ उठते.

मालही पदार्थ बघून घ्यावा. जाड, कडा आत वळलेली ‘डोंगो’ गाल्बीजिमसारख्या तासन्‌तास शिजणाऱ्या मांसात अख्खी घालावी. पूर्ण उघडलेली पातळ ‘ह्यांगसिन’ स्वस्त असते, लवकर भिजते आणि जापचेच्या पट्ट्यांना तीच बरी.